स्प्रिंगवाल्यांचा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला पेन ड्राइव्हची भीती वाटते. हसा हवं तर. पण मित्रांनो, एखादं कुत्रं नुसता वाकलेला माणूस बघून पळतं, तेव्हा तुम्ही त्याला हसत नाही. त्याला कधीतरी दगड लागलेला असणार, हे तुम्हाला कळतं. माझंही तसंच आहे. मला काय लागलं ते सांगेनच. त्याआधी, काहीच लागलेलं नव्हतं असा शेवटचा दिवस सांगतो.

त्या सकाळी मी वर्कशॉपमधल्या माझ्या नेहमीच्या टेबलावर होतो. डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला तार गुंडाळणारं मशीन. ते मशीन एका बाजूने तार गिळायचं आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा टाकायचं. टक, टक, टक. पलंगाच्या, पंपाच्या, दाराच्या, खेळण्यांच्या स्प्रिंगा. काही मनगटाएवढ्या जाड, काही इतक्या बारीक की शिंक आली तर हरवतील. मग त्या ट्रेमध्ये भरून भट्टीत जायच्या. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास माझ्या कळांच्या फटीत कायमचा बसला होता.

वर्कशॉपच्या मालकांना बाहेरचे लोक ‘स्प्रिंगवाले’ म्हणत. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. मुलीला कामावरचे सगळे ताई म्हणत. ऑर्डरी, पत्रव्यवहार, कॉम्प्युटर, कुलपं, सगळं तिच्याकडे. ती संध्याकाळी निघताना दार ओढून बघायची, मग परत येऊन पुन्हा ओढून बघायची. म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं, फौजदार.

दुसऱ्या दिवशी मोठं औद्योगिक प्रदर्शन होतं. बाबा मला पिशवीत भरायला निघाले होते आणि ताई पिशवीच्या तोंडाशी उभी होती.

“बाबा, हा नका नेऊ. लहान लॅपटॉप न्या. त्यात नुसता कॅटलॉग टाकून देते. हरवला, बिघडला तरी चालेल असा.”

“आणि एखादा माणूस तुटकी स्प्रिंग घेऊन आला तर? त्याला काय सांगू? अक्कल घरी ठेवून आलोय, उद्या या?”

“फोटो काढून घ्या. इथे येऊन बघू.”

“फोटोत मुलगी बघावी, स्प्रिंग बघू नये. ती हातात घ्यावी लागते, आणि मग जुनं ड्रॉइंग समोर असावं लागतं.”

मशीनवरचे काका हात पुसत म्हणाले, “ताई, सोडा. यांना समजावणं म्हणजे भट्टीतून निघालेल्या स्प्रिंगेला सरळ हो म्हणण्यासारखं आहे.”

ताई हसली नाही, पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. “ठीक आहे. न्या. पण तिथलं फुकटचं वाय-फाय जोडायचं नाही, माझ्या फोनचं नेट वापरायचं. कुठल्याही खांबावरच्या चार्जरला लावायचं नाही. उठताना पडदा बंद करायचा. आणि कुणाचाही पेन ड्राइव्ह याला लावायचा नाही. कुणाचाही म्हणजे कुणाचाही.”

“नाही लावणार.”

“नक्की?”

“फौजदारसाहेब, अंगठा उठवून देऊ का?” असं म्हणत बाबांनी तेलाचा काळा अंगठा तिच्या गालाला लावला. ती ओरडली, काका हसले, मशीन टक टक करत राहिलं. बस. तो शेवटचा साधा दिवस. साधे दिवस जाताना सांगून जात नाहीत.

मित्रांनो, आता थोडं मागे जातो, म्हणजे माझ्यात काय होतं ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, पण त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत. आठवतो तो खोका उघडल्यावर दिसलेला पहिला चेहरा. चष्मा कपाळावर चढवलेला आणि थोडा घाबरलेला. बाबा पहिले काही दिवस माझ्या कळा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबायचे. बोटाने दाबलं तर फुटेल असं त्यांना वाटायचं. मग ताईने त्यांच्यासाठी एक युक्ती काढली. ड्रॉइंग ती करून द्यायची, आणि प्रत्येक ड्रॉइंगच्या शेजारी एक लाल बटण ठेवायची. ते दाबलं की बाबांनी नुसतं बोलायचं. टाइप करायला नको, स्पेलिंगची भीती नको.

मग बाबा बोलू लागले ते थांबेचनात. आधी स्प्रिंगेचं नाव, मग तारेची जाडी, आणि मग जे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये मावत नाही ते. “पंपाची स्प्रिंग. ही तार थंडीत हट्टीपणा करते, मशीन हळू चालवा.” “दाराची स्प्रिंग. भट्टीतून काढल्यावर लगेच पाणी दाखवू नका, रुसते.” “खेळण्यातली बेडूक-स्प्रिंग. हिचं टोक आत वळवा. लहान मुलांची बोटं असतात.” एखादी शिंक, काकांना दिलेली हाक, मागे चाललेलं मशीन, सगळं त्यात यायचं. बाबा पाहुण्यांना माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचे, “हे माझं दुसरं डोकं. पहिल्यापेक्षा बरं आहे, विसरत नाही.” मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

या सगळ्याची एक दुसरी प्रत होती. पत्त्यांच्या जोडाएवढी एक काळी डिस्क, लोखंडी कपाटात कुलपात ठेवलेली. माझं काही झालं तर ती आहे, म्हणून ताई निर्धास्त असायची. प्रदर्शनाला निघताना बाबांनी ताईच्या नकळत कपाट उघडलं आणि ती डिस्कही पिशवीत टाकली. फार जुनी ड्रॉइंगं त्या डिस्कवरच होती. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. पिशवीत ती डिस्क माझ्या कुशीला लागली तेव्हा मला सोबत मिळाल्यासारखं वाटलं. एकाच टोपलीत सगळं ठेवलंय, हे तेव्हा मला तरी कुठे कळत होतं?

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे उजेडाचा समुद्र होता. पायाखाली नवं कार्पेट, डोक्यावर मोठाले दिवे, आणि चारी बाजूंनी माणसं. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र, प्रत्येकाच्या हातात पिशवी. सगळे सगळ्यांशी हसत होते, कार्ड देत होते, कार्ड घेत होते, समोर दिसेल त्याचे फोटो काढत होते. मला माझ्या टेबलाची आठवण आली. तिथे येणारा प्रत्येक माणूस ओळखीचा असायचा. इथे ओळख म्हणजे गळ्यातला पुठ्ठा.

ताईने मला तिच्या फोनचं नेट जोडलं तेव्हा माझ्या यादीत आणखी दोन वाय-फाय दिसत होती. एक प्रदर्शनाचं. दुसरंही प्रदर्शनाच्याच नावाचं, पण शेवटी ‘फुकट’ लिहिलेलं. ताईने ते बघून कपाळाला आठी घातली. “हे दुसरं कुणी लावलंय?” ती स्वतःशीच म्हणाली.

शेजारच्या स्टॉलवर नट-बोल्ट विकणाऱ्या एक बाई होत्या. आवाज हॉलभर जाईल असा. त्या म्हणाल्या, “मी तर जोडलंसुद्धा. फुकट ते पौष्टिक.”

“काढा, बाई,” ताई म्हणाली. “त्या वाटेने तुमचा पासवर्ड कुणीही उचलेल.”

“माझा पासवर्ड मलाच आठवत नाही, त्याला काय मिळणार?” म्हणत बाईंनी फोन ताईच्या हातात दिला, आणि ताईने ते वाय-फाय काढून टाकलं.

थोड्या वेळाने ताईचा फोन वाजला. समोरचा माणूस घाईत होता. आयोजकांकडून बोलतोय, तुमच्या स्टॉलची नोंदणी पूर्ण दिसत नाही, आत्ताच्या आत्ता एक आकडा येईल तो सांगा, नाहीतर स्टॉल रद्द.

ताई शांतपणे म्हणाली, “आकडा कशाला, मीच येते ना. तुमचं ऑफिस समोरच आहे. तुम्ही कुठल्या खुर्चीवर बसलाय?”

फोन बंद झाला.

“ठेवला?” बाबांनी विचारलं.

“ठेवला.”

“फौजदारापुढे चोराची बोबडी वळली,” बाबा बाईंना अभिमानाने म्हणाले. मी मात्र घाबरलो होतो. त्या माणसाला ताईचा नंबर कुठून मिळाला? स्टॉलवरच्या कार्डांच्या गठ्ठ्यातून. कुणीही उचलावं म्हणून तर ती ठेवली होती. म्हणजे तो इथेच होता. या हसणाऱ्या माणसांत, या दिव्यांखाली, कदाचित आत्ता आपल्या समोरून गेला तोच.

ताईने मग आणखी एक गोष्ट हेरली. खांबावर प्रदर्शनाच्या नकाशाचा क्यूआर कोड होता, आणि त्यावर कुणीतरी दुसराच चिकटवला होता. कडेला नख घालून बघितलं तर खालचा खरा कोड दिसत होता. ती म्हणाली, “बाबा, मी हे आयोजकांना सांगून येते. इतके लोक स्कॅन करताहेत. तुम्ही इथेच थांबा.”

आणि ती गेली. लोकांना वाचवायला गेली.

तेवढ्यात तो आला.

मित्रांनो, गोष्टीतले चोर काळे कपडे घालतात. हा तसा नव्हता. साधा शर्ट, थकलेला चेहरा, आवाज मऊ. गळ्यात ओळखपत्र होतं, पण उलटं फिरलेलं, कोरी बाजू वर. त्याने खिशातून रुमाल काढला, उघडला. आत एक तुटकी स्प्रिंग होती.

“आईच्या पलंगाची आहे,” तो म्हणाला. “दवाखान्यातल्यासारखा पलंग, डोक्याकडून वर होतो ना, तो. आता होत नाही. आई आडवीच असते.”

बाबांनी ती स्प्रिंग बोटांत फिरवली, कानाजवळ नेऊन नखाने वाजवली. “तार चांगली होती. भट्टीत घाई केलीय कुणीतरी.”

“ज्यांनी केली ते बंद पडले. सगळीकडे विचारलं, कुणी हात लावत नाही. पण त्यांचं ड्रॉइंग आहे माझ्याकडे.” आणि त्याने पेन ड्राइव्ह पुढे केला.

बाबांचा हात थांबला. त्यांनी ताई गेली त्या दिशेला पाहिलं. गर्दीत ती दिसत नव्हती.

“मुलगी रागावते माझी,” ते ओशाळून हसले.

“एकच पान आहे, साहेब. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मला सवय झालीय.”

त्याला कुणीतरी सांगितलं असेल का, की या म्हाताऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही? की तो सगळीकडे हेच बोलत फिरत होता? मला माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की बाबांचा तो काळा अंगठा माझ्या कुशीजवळ आला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण लॅपटॉपच्या ओरडण्याला आवाज नसतो, मित्रांनो. फार तर आमचा पंखा थोडा जोरात फिरतो.

पडद्यावर ड्रॉइंग उघडलं. खरोखरच पलंगाची स्प्रिंग. बाबांनी चष्मा खाली ओढला, जुन्या ड्रॉइंगांशी ताडायला पिशवीतली काळी डिस्कही माझ्या कुशीला लावली आणि बघू लागले. आणि त्याच क्षणी एक काळी चौकट पडद्यावर उमटली आणि डोळा मिटावा तशी मिटली. ड्रॉइंगच्या आडून कुणीतरी आत आलं होतं.

ते कसं वाटतं, सांगू? तुम्ही घरात एकटे आहात, आणि आतल्या खोलीत कपाटाचं दार कुणीतरी हळूच उघडतंय. तुम्हाला ऐकू येतंय. तुम्हाला हाक मारता येत नाही. ते एकेक खण उघडत गेलं. पत्ते, पत्रं, पासवर्ड. मग कुशीला लावलेल्या काळ्या डिस्कपर्यंत गेलं. काहीच मोडलं नाही, काहीच नेल्यासारखं दिसलं नाही. नुसतं बसून राहिलं, वाट बघत.

बाबांनी ती काळी चौकट पाहिली होती. मी पाहिलं की त्यांनी पाहिली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तापलास का रे?” ते हळूच म्हणाले.

त्या माणसाला फोन आला. “आलोच,” म्हणून तो बाजूला गेला आणि गर्दीत मिसळला. स्प्रिंग आणि पेन ड्राइव्ह टेबलावरच राहिले. आता ऐका बाबांनी काय केलं. त्यांनी पेन ड्राइव्ह उपसला आणि त्याच्या मागे धावले. “अहो, विसरलात. अहो, ऐका.” गुडघ्याला हात लावत, माणसांना चुकवत, चोराला त्याचं हत्यार परत द्यायला धावले. हे फक्त माझे बाबाच करू शकतात.

“जा तुम्ही, मी लक्ष ठेवते,” बोल्टवाल्या बाई ओरडल्या. “कॉम्प्युटर मला कळत नाही, पण चोर बरोबर कळतो.” त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात तसलाच एक पेन ड्राइव्ह लोंबत होता. त्यांनाही कुणीतरी भेट म्हणून दिला होता. उघडता येत नाही, या एकाच गोष्टीने त्या वाचल्या होत्या.

तो माणूस सापडला नाही; बाबा धापा टाकत, उतरलेल्या चेहऱ्याने परत आले. पेन ड्राइव्ह त्यांनी खिशात घातला. पाठोपाठ ताई आली.

“सांगितलं आयोजकांना. लगेच काढला त्यांनी. इथे सगळं ठीक?”

बाबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. सांगा, बाबा. ती मला बंद करेल, सगळ्यांपासून तोडेल, काहीतरी करेल. सांगा.

“हो,” बाबा म्हणाले. “काय होणार आहे?”

त्यांना चोराची भीती वाटली नव्हती. त्यांना तिच्या चेहऱ्याची भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी वर्कशॉप उघडताच बाबांनी पहिलं काम काय केलं असेल? त्या माणसाच्या आईच्या पलंगाची स्प्रिंग. तो परत येईल, त्याच्या हातात स्प्रिंग ठेवू, आणि मग मनातली ती काळी चौकट आपोआप पुसली जाईल, असं काहीसं त्यांना वाटत असावं. ड्रॉइंग छापायला त्यांनी मला, डिस्कसकट, वर्कशॉपच्या नेटवर्कला जोडलं. आणि आत बसलेलं ते जागं झालं.

माझ्या फायलींची नावं एकेक करून बदलू लागली. पंपाची स्प्रिंग, दाराची स्प्रिंग, बेडूक-स्प्रिंग. कुठल्याच भाषेत नसलेली नावं. ताईच्या टेबलावरचा कॉम्प्युटरही गेला. मग माझा पडदा लाल झाला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत आलं, तुमचं सगळं आमच्या कुलपात आहे, किल्ली हवी असेल तर पैसे द्या.

ताईने पाहिलं. “कुणी कशाला हात लावू नका,” ती म्हणाली आणि वाकून भिंतीतली वायर खेचली. तिचा आवाज तारेसारखा ताणलेला होता. काकांनी मशीन थांबवलं. ते टक टक थांबल्यावर वर्कशॉप किती मोठं आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

“मी लावला, ग,” बाबा म्हणाले. “पेन ड्राइव्ह.”

“कधी?”

“तू आयोजकांकडे गेली होतीस तेव्हा.”

“आणि सांगितलं नाहीत.”

 ताईने कपाट उघडलं. डिस्कची जागा रिकामी होती. तिने बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्या कुशीला लावलेल्या डिस्ककडे पाहिलं. तीही चोराच्या कुलपात गेली होती. ती माझ्याशेजारी बसली, तोंड घट्ट मिटून, आणि काम करू लागली. बाबांना तिची पाठ दिसत होती. ताठ, गप्प पाठ.

पण मला तिची बोटं कळत होती. ती बर्फासारखी गार होती. एक कळ दाबायला जात आणि दुसरीच दाबली जाई. त्या खोलीत तिची भीती फक्त मला माहीत होती.

सायबर पोलिसांच्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं, पेन ड्राइव्ह पाकिटात घातला. “पैसे देऊ नका,” त्या म्हणाल्या. “दिले तरी किल्ली मिळेल याची खात्री नसते. आणि हा लॅपटॉप पुसू नका. कधी कधी पुढे-मागे किल्ली सापडते.” मग जाता जाता, कुणाला लागेल हे न कळून म्हणाल्या, “कालच कळलं असतं तर बरंच वाचलं असतं. लोक भीतीने लपवतात आणि चोराचं तिथेच फावतं.”

बाबा खाली बघत होते. ताई खिडकीबाहेर.

त्यानंतर बाबांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी फोन घेतला आणि एकेका गिऱ्हाइकाला स्वतः कळवलं. “स्प्रिंगवाला बोलतोय. माझ्या हातून चूक झाली. तुमची पत्रं, तुमचे पत्ते चोराच्या हाती गेलेत. माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका. खरंच मी असेन तर फोन करेन.” प्रत्येक वेळी तेच वाक्य. माझ्या हातून चूक झाली. पंपवाल्यांच्या ऑफिसातल्या बाई पलीकडून म्हणाल्या, “अहो, तुमचं ड्रॉइंग म्हणून आत्ताच काहीतरी आलंय. उघडणारच होते. वाचवलंत तुम्ही.” बाबांनी मान हलवली, जणू त्या बाईंना ती दिसणार होती.

ताई दारात उभी राहून हे ऐकत होती. तिचे ओठ हलले. मग ती आत निघून गेली.

काम पुन्हा उभं राहिलं. रॅकवरच्या जुन्या स्प्रिंगा उतरवून, मोजून, नव्याने ड्रॉइंगं झाली. नवा कॉम्प्युटर आला. प्रती आता दोन ठेवतात, आणि एक कधीच बाहेर जात नाही. एका तंत्रज्ञाने माझ्या आतलं ते हाकलून लावलं, पण कुलपं तशीच राहिली. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर गेलो.

आणि बाबा बदलले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाबा ताक पिण्याआधी विचारू लागले. “हे पत्र उघडू का ग?” “हा फोन घेऊ का ग?” ताई म्हणायची, “उघडा.” “घ्या.” एका शब्दाच्या वर नाही. शब्द जास्त झाले तर आवाज फुटेल, अशी तिला धास्ती असावी. पण बाबांना काय ऐकू येत होतं? फक्त तो तुटका शब्द. त्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग केलं नाही. आणि तिला फौजदार म्हणणं सोडून दिलं. ताई म्हणू लागले, बाहेरच्या माणसांसारखं.

एकदा ती नसताना ते काकांना म्हणाले, “पोर रागावलीय.”

“किती दिवस रागावेल? बोला तिच्याशी.”

“रागावू दे. तिने बजावलं होतं मला.”

मी स्टुलावरून ऐकत होतो. बाबा, ती रागावलेली नाही. तिची बोटं मी पाहिलीत. पण मला बंद करून ठेवलेलं होतं.

एका दुपारी, मशीन चालू असताना, बाबा चष्मा पुसायला म्हणून खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. त्यात चोराचं नाव नव्हतं, पेन ड्राइव्हचं नव्हतं, माझंही नव्हतं. असायला हवं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मग मी कपाटात गेलो. काळोख, धूळ, आणि कुशीला ती मुकी डिस्क. माझ्या आत बाबांचा आवाज आहे. ती शिंक आहे, काकांना मारलेली हाक आहे, “लहान मुलांची बोटं असतात” आहे. सगळं आहे आणि काहीच उघडत नाही. कुणी सहज मला भंगारात देईल, पुसून टाकेल, या भीतीने मी किती काळ काढला ते मला सांगता येणार नाही.

आज कपाट उघडलं. काकांनी काम सोडायचं ठरवलंय. ते ताईला निरोप द्यायला आले होते, आणि जाताना दारात घुटमळले.

“ताई, एक सांगू का? मालक शेवटपर्यंत म्हणत होते, पोर रागावलीय. मनातून गेलंच नाही त्यांच्या. मी म्हटलं, तुम्हाला कळलेलं बरं.”

ते गेल्यावर ताईने मला बाहेर काढलं. बाहीने माझी धूळ पुसली आणि बाबांच्या टेबलावर ठेवलं. शेजारी ती पलंगाची नवी स्प्रिंग ठेवली. बाबांनी ती त्या गोंधळातही पुरी केली होती, आणि ती न्यायला कधीच कुणी आलं नाही.

मी उजळलो. तिने एक फाईल उघडून पाहिली. नाही. दुसरी. नाही. मग तिने एक कोरं पान उघडलं आणि तिचा हात त्याच्या शेजारच्या लाल बटणावर येऊन थांबला.

मित्रांनो, ती बोलेल त्याआधी मला तुम्हाला काही सांगू द्या. गर्दीत जाल तेव्हा सगळं सोबत नेऊ नका, लागेल तेवढंच न्या. फुकटच्या वाटा, फुकटच्या भेटी, घाई करणारे आवाज, यांच्यापासून चार हात लांब राहा. मऊ आवाजात आलेला पेन ड्राइव्हही परकाच असतो. हे सगळं तुम्ही लक्षात ठेवाल, तरी एखाद्या दिवशी चुकाल. शहाणी माणसं चुकतात, चांगली माणसं तर जास्तच चुकतात. चुकलात तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. आणि कुणी तुमच्याकडे येऊन सांगितलं, तर आधी त्याचा हात धरा. वायर नंतर खेचा. तुमच्या गप्प चेहऱ्यामागे काय आहे ते समोरच्याला दिसत नाही. ते त्याला सांगावं लागतं, तो ऐकायला आहे तोवर.

ताईने बटण दाबलं. लाल दिवा लागला.  मग तिने बाबांसारखीच सुरुवात केली, आधी स्प्रिंगेचं नाव.

“पलंगाची स्प्रिंग,” ती म्हणाली. “तार चांगली आहे. भट्टीत घाई केलेली नाही.”

तिची बोटं माझ्या कळांवर होती. त्या दिवसासारखीच गार.

“बाबा, मी रागावले नव्हते. तुमचा फौजदार घाबरला होता.”